काकांचा पेनड्राइव्ह आणि ३१२ एरर

नागपूरच्या महाल भागात काकांचं डीटीपीचं दुकान आहे. आहे म्हणजे अजून आहे, आजूबाजूला सगळे मोबाइल कव्हरवाले नि झेरॉक्सवाले झाले तरी काका पेजमेकर, म्हणजे पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर, घेऊन बसलेले. पत्रिका, बिलबुकं, मंडळाच्या पावत्या, कोर्टातले अर्ज, १९९८ पासूनचा सगळा माल त्यांनी जपून ठेवलाय आणि सगळाच्या सगळा कृतिदेवमध्ये.

कृतिदेव ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर, आणि हा तो रुळायच्या आधीच्या काळातला फॉन्ट, फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच पडलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचे कपडे घालतो. म्हणजे यू के एक्स आय डब्ल्यू जे असं टाइप केलं की स्क्रीनवर नागपूर दिसतं, फॉन्ट काढला की नागपूर गेलं आणि तो सहा अक्षरांचा कचरा राहिला. व्हाट्सॲपवर हाच कचरा जातो. सर्चमध्ये काही सापडत नाही. काकांना हे वीस वर्षं चालत होतं कारण छापलं की झालं, कागदावर सगळं बरोबरच दिसतं.

मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या एप्रिलच्या शेवटी, इंदोऱ्याचं एक गिऱ्हाईक आलं. त्यांचं लग्न २००० साली झालेलं, मंगल परिणयाची पत्रिका काकांच्याच दुकानातली, १४ मे ला पंचवीस वर्षं होणार होती आणि पोरांना तीच पत्रिका, तोच मजकूर, पुन्हा छापायचा होता आणि फॅमिलीच्या ग्रुपवर पण टाकायचा होता. काकांनी मला बोलावलं, हातात पेनड्राइव्ह ठेवला, त्यात पेजमेकरमधून काढून ठेवलेल्या साध्या टेक्स्ट फाइली, साडेसहाशेच्या आसपास. "एक कायले करतो, सगळंच करून टाक न एकदाचं. तू कम्प्युटरचंच करतो न?"

कम्प्युटरचं करतो हे खरं, पण मी जावावाला. मिहानमधल्या एका कंपनीत बॅकएंडचं काम, बँकेच्या रिपोर्टांचं. ऑनलाइन कन्व्हर्टर बरेच आहेत पण तिथं एक एक फाइल चिकटवत बसायचं, आणि यात लोकांचे कोर्टाचे अर्ज होते, वारसाहक्काची भांडणं, ते कुठल्या अनोळखी साइटवर कशाला टाकायचे. शोधता शोधता गिटहबवर, जिथं लोक आपला कोड ठेवतात, व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरला जोडायचं एक एक्स्टेन्शन सापडलं, टाइपस्क्रिप्ट भाषेत लिहिलेलं, ओपन सोर्स, नेमकं हेच काम करणारं: फोल्डर दाखवा, आतल्या सगळ्या फाइली कृतिदेवमधून युनिकोडमध्ये करून शेजारी ठेवतो. शेवटचा कमिट, म्हणजे कोडमधला शेवटचा बदल, २०१८ चा. मार्केटप्लेसवर नाही, तयार व्हीएसआयएक्स फाइल, म्हणजे एडिटरमध्ये सरळ बसवायचं पॅकेज, ती पण नाही, सोर्स घ्या आणि स्वतः बिल्ड करा. मला वाटलं एनपीएम इन्स्टॉल केलं की लागणारी पॅकेजं येतील, एनपीएम रन कंपाइल केलं की कोड तपासून चालण्याजोगा होईल, दहा मिनिटांचं काम, मग काकांकडून तर्री पोहे वसूल करू.

१ मे ची सुट्टी होती. सकाळी कूलरमध्ये पाणी भरलं, लॅपटॉप उघडला. लॅपटॉपवर उबुंटू आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो कारण पुढं एक एरर फक्त त्याच्यामुळे आला.

इन्स्टॉललाच पहिली ठेच लागली. त्या काळात एक्स्टेन्शन लिहिणारे व्हीएसकोड नावाचं एक एनपीएम पॅकेज घ्यायचे, ते इन्स्टॉल झाल्या झाल्या एक स्क्रिप्ट चालवायचं आणि एडिटरच्या एपीआयची टाइप फाइल, म्हणजे एडिटरकडून काय मागता येतं आणि ते कोणत्या प्रकारचं असतं याची यादी, नेटवरून ओढून आणायचं. माझ्याकडे ती स्क्रिप्ट मध्येच मेली, फाइल आलीच नाही. मी म्हटलं जाऊ दे, कंपाइल तर करून पाहू. ९ एरर. काही "व्हीएसकोड हे मॉड्यूल सापडत नाही" वाले, काही "प्रोसेस हे नाव माहीत नाही, बफर हे नाव माहीत नाही" वाले.

प्रोसेस आणि बफर हे नोडचे, म्हणजे ज्याच्यावर हा कोड चालतो त्याचे, आहेत एवढं मला कळत होतं, म्हणून मी शहाणपणा केला आणि नोडच्या टाइप्सचं पॅकेज टाकलं, लेटेस्ट. पुन्हा कंपाइल. टर्मिनल धावतच सुटला, थांबेचना. थांबला तेव्हा शेवटी दिसत होतं की अमुक फाइलच्या अमुक ओळीत सेमिकोलन पाहिजे होता, तमुक ओळीत कंस पाहिजे होता. ग्रेप लावून मोजले तर ३१२.

आता इथं मी दीड तास घालवला, तो कसा घालवला ते सांगायची लाज वाटते. मी शेवटचा एरर घेतला आणि ती फाइल उघडून तिथं खरंच सेमिकोलन आहे का ते पाहत बसलो. टर्मिनलमध्ये शेवटचंच समोर दिसतं न. मग कुठंतरी वाचलं की टीएस-कॉन्फिगमध्ये, म्हणजे टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, लायब्ररीच्या फाइली तपासू नको असा एक ऑप्शन असतो, स्किप लिब चेक, तो लावला. ३१२ चे १९० झाले आणि मला उगाच वाटलं प्रगती होऊन राहिली. पण तो ऑप्शन टाइपच्या चुका झाकतो, वाक्यच कळलं नाही अशा चुका तो झाकू शकत नाही, म्हणून १९० तिथंच बसून राहिले.

शेवटी कॉलेजातल्या मित्राला फोन लावला, तो पुण्यात फ्रंटएंड करतो. त्यानं विचारलं, "वरून पाहून राहिला का खालून?" खालून. "वरून पाह. आणि एरर कोणत्या फाइलीत येऊन राहिले ते पाह न बे आधी. तुझ्या सोर्समध्ये एक तरी आहे का?"

पाहिलं. सोर्समध्ये चारपाच होते. बाकी सगळे नोड मॉड्यूल्सच्या आत, मी नुकत्याच आणलेल्या त्या टाइप्सच्या पॅकेजमध्ये. मी दीड तास दुसऱ्याच्या घरातला कचरा मोजत होतो. आणि स्किप लिब चेक काढून सगळ्यात वरच्या एररांपासून वाचत आलो तर सरळ दिसत होतं: "अननोन हे नाव सापडत नाही."

म्हणजे कंपायलरला अननोन माहीत नव्हता. मला आधी हसू आलं मग डोकं चाललं. अननोन हा टाइपस्क्रिप्टमधला एक टाइप आहे आणि तो ३.० मध्ये आला, २०१८ च्या जुलैमध्ये. माझ्याकडे कोणतं टाइपस्क्रिप्ट आहे? पॅकेज डॉट जेसनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टला काय काय लागतं त्या यादीत, कॅरेट लावून २.६.१ लिहिलेलं, कॅरेटचा अर्थ दोनच्या घरात जेवढं वर जाता येईल तेवढं जा, म्हणून २.९.२ बसलं होतं, दोनच्या घरातलं शेवटचं. आणि टाइप्सचं पॅकेज आणलं आजचं. जुना कंपायलर नवीन वाक्यरचना वाचायला गेला आणि प्रत्येक ओळीवर अडखळला, सेमिकोलन नाही म्हणे, कंस नाही म्हणे. चूक कुठंच नव्हती, त्याला ती भाषाच येत नव्हती. ३१२ एरर आणि कारण एक.

टाइपस्क्रिप्ट ५.८ टाकलं. नवीन एक्स्टेन्शनचा सांगाडा बनवणारा जनरेटर असतो, यो कोड, तो एका रिकाम्या फोल्डरमध्ये चालवून त्याचा टीएस-कॉन्फिग उचलून इथं ठेवला, म्हणजे आजच्या पद्धतीचं सगळं, स्ट्रिक्ट म्हणजे कडक तपासणी चालू. टार्गेट, म्हणजे जावास्क्रिप्टची कोणती आवृत्ती धरायची ते, तेवढं लेखकाचंच ठेवलं, ईएस ६, म्हटलं त्याला काही कारण असेल, उगाच कशाला हात लावा. कंपाइल. १४.

त्या १४ मधले बहुतेक व्हीएसकोड मॉड्यूलचेच. इथं थोडं वाचावं लागलं. ते जुनं पॅकेज २०१९ मध्येच मोडीत निघालं, त्याचे दोन तुकडे केले, टाइप्स वेगळे आणि टेस्ट चालवायचं वेगळं. म्हणजे आता जुनं काढायचं, त्याची ती पोस्टइन्स्टॉलची ओळ उडवायची आणि टाइप्सचं पॅकेज सरळ टाकायचं. टाकलं, लेटेस्ट, कारण सवय. कंपाइल केलं तर १४ चे ३३.

हे पाहून मी कूलरसमोर जाऊन बसलो पाच मिनिटं. दुरुस्त केलं तर वाढले कसे? मित्राला पुन्हा फोन करायची हिंमत नव्हती म्हणून स्वतःच विचार केला आणि ते कारण मला आजही आवडतं. मॉड्यूलच सापडत नव्हतं तोवर त्यातून आलेली प्रत्येक गोष्ट कंपायलर एनी धरून चालत होता, एनी म्हणजे काहीही चालेल, मग तो त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. मॉड्यूल सापडलं, टाइप कळले, आणि आता त्याला सात वर्षांचं सगळं बोलायचं होतं. म्हणजे तो १४ चा आकडाच खोटा होता, खरे ३३.

आता हे ३३ मात्र एक एक करून वाचले, वरून. आणि वाचता वाचता एक गंमत लक्षात आली की एररवरून साल सांगता येतं. जुन्या वाड्याची भिंत खरवडली की चुन्याचे थर दिसतात न, तसं. प्रॉमिसमध्ये नुसतं रिकामं रिझॉल्व्ह बोलावलंय, एक आर्ग्युमेंट पाहिजे होतं, हे ४.१ पासून, २०२० च्या नोव्हेंबरचा थर. कॅचमध्ये पकडलेल्या एररचा मेसेज वाचायला गेला तर "हा अननोन आहे", हा स्ट्रिक्टमधला ४.४ चा, २०२१. (तोच अननोन. सकाळी कंपायलरला तो माहीत नव्हता, दुपारी तोच माझ्या तोंडावर फेकून राहिला.) रेजेक्सला, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायच्या सूत्राला, शेवटी एस फ्लॅग लावलेला, डॉटनी नवीन ओळ पण धरावी म्हणून, तर "हा फ्लॅग ईएस २०१८ किंवा पुढचं टार्गेट असेल तरच", हा अगदी ताजा, रेजेक्सच्या आत डोकावून पाहणं टाइपस्क्रिप्टनी ५.५ पासून सुरू केलं, २०२४ च्या जूनमध्ये. कोडमधली एक ओळ बदललेली नाही, लेखक बिचारा २०१८ मध्ये शून्य एररवर झोपला होता. जावामध्ये आम्हाला ही सवय नाही, तिथं पंधरा वर्षांपूर्वीचा कोड साधारण गुमान कंपाइल होतो. टाइपस्क्रिप्ट मात्र मधला आकडा वाढला तरी नवीन तपासण्या आणतं, म्हणून कॅरेटच्या भरवशावर राहायचं नसतं आणि लॉक फाइल, म्हणजे पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद, रेपोमध्ये ठेवायची असते, इथं ती गिटइग्नोअरमध्ये टाकून वगळलेली होती.

प्रॉमिसवाले चार, व्हॉइड लिहिलं की झाले. कॅचवाले पाच, आधी इन्स्टन्सऑफ एरर तपासायचं मग मेसेज काढायचा. टार्गेट ईएस ६ वरून ईएस २०२१ केलं तर रेजेक्सचे तीनही गेले.

एक एरर असा होता की "मॅपिंग हे मॉड्यूल सापडत नाही", आणि फाइल तर समोर दिसून राहिली. पंधरा मिनिटं. मग दिसलं, इम्पोर्टमध्ये पहिलं अक्षर कॅपिटल आणि डिस्कवर फाइलचं नाव सगळं स्मॉल. लेखक बहुतेक विंडोजवाला किंवा मॅकवाला असणार, तिथं हे चालून जातं, लिनक्सला ते दोन वेगळे वाटतात. उबुंटू आहे म्हटलं होतं न, ते याच्यासाठी.

ॲक्टिव्ह टेक्स्ट एडिटर अनडिफाइन्ड, म्हणजे रिकामा, असू शकतो, हे दहाएक होते. एडिटरमध्ये एकही फाइल उघडी नसताना कुणी कमांड चालवली तर तो नसतोच, बरोबर आहे. पहिल्या तीनचारला नीट इफ लावून "आधी फाइल उघडा" असा मेसेज दाखवला. मग मला शोध लागला उद्गारचिन्हाचा. टाइपस्क्रिप्टमध्ये एखाद्या गोष्टीपुढं उद्गारचिन्ह लावलं की कंपायलरला सांगितलं जातं की बाबा हे रिकामं नाही, माझी हमी, तू गप बस. आणि तो बसतो. दुपारचे तीन वाजले होते, जेवण झालेलं, बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. मी हमी देत सुटलो.

शेवटचा एरर मॅपिंगच्या फाइलमध्ये होता, कृतिदेवचं कोणतं अक्षर म्हणजे युनिकोडचं कोणतं याचा तक्ता, म्हणजे मॅप, तिथं असतो. लुकअप नावाचं छोटं फंक्शन. साध्या कीबोर्डवरची अक्षरं वेगळीकडे बदलली जायची, जोडाक्षरं, ऱ्हस्व इकार आणि रफार उचलून योग्य जागी ठेवायचं काम वेगळ्या रेजेक्सांकडे होतं, आणि १२८ च्या वरची जी विचित्र अक्षरं असतात तेवढी इथं यायची. फंक्शन म्हणत होतं मी स्ट्रिंग देईन. मॅप म्हणत होता मी स्ट्रिंग देईन किंवा अनडिफाइन्ड देईन, सापडलं तर देईन न. एरर नंबर टीएस २३२२. मी उद्गारचिन्ह लावलं. शून्य एरर. चार वाजून दहा मिनिटं.

एफ ५ दाबून चालवून पाहिलं तर प्रिव्ह्यूची कमांड मेली. "व्हीएसकोड डॉट प्रिव्ह्यू एचटीएमएल सापडली नाही." ही कमांड एडिटरमधूनच काढून टाकलीय, आता वेबव्ह्यू वापरायचं, पण कोडमध्ये ती नुसती अवतरणात लिहिलेली स्ट्रिंग होती, कंपायलर स्ट्रिंगच्या आत काय आहे ते कशाला पाहील. मला प्रिव्ह्यू नकोच होता, कमांडच काढून टाकली. इथं खरं तर मी सावध व्हायला पाहिजे होतं की शून्य एरर म्हणजे फक्त शून्य एरर. नाही झालो.

पॅकेज बनवताना अजून एक लफडं. काकांच्या दुकानातल्या मशीनवर विंडोज ७ आहे, पेजमेकर तिथं चालतो म्हणून ते त्याला हात लावू देत नाहीत, आणि विंडोज ७ वर चालणारा शेवटचा व्हीएस कोड १.७० आहे. म्हणजे पॅकेज डॉट जेसनमधल्या इंजिनमध्ये १.७० लिहावं लागलं, आणि ते लिहिल्यावर पॅकेज करणारं टूल, व्हीएससीई, म्हणे टाइप्स इंजिनपेक्षा नवीन आहेत, एकतर इंजिन वर घे नाहीतर टाइप्स खाली आण. चिडचिड झाली पण मुद्दा बरोबर होता, नवीन टाइप्स धरून मी अशी एखादी गोष्ट वापरली असती जी काकांच्या एडिटरमध्ये जन्मलीच नाही. टाइप्स १.७०.० वर आणले, पुन्हा कंपाइल, शून्यच. व्हीएसआयएक्स फाइल तयार.

रात्री एका जुन्या बिलबुकाच्या मजकुरावर चालवून पाहिलं. "ग्राहकाचे नाव, पत्ता, एकूण रुपये." सुंदर. फक्त फाइल उघडताना एन्कोडिंग विंडोज १२५२ ठेवावं लागतं, नाहीतर वरची अक्षरं प्रश्नचिन्हाचे काळे चौकोन होऊन येतात, ते सेटिंगमध्ये टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना महालात जाऊन काकांच्या मशीनवर बसवलं, फोल्डर कसं दाखवायचं ते शिकवलं. काकांनी दोनदा करून पाहिलं, तिसऱ्यांदा मला उठवून स्वतः खुर्चीत बसले.

शनिवारी पुल रिक्वेस्ट टाकली, म्हणजे माझे बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी लेखकाला विनंती. सात वर्षं जुना रेपो, उत्तर येईल अशी आशा नव्हती, पण तीन दिवसांनी आलं. लेखकानं आभार मानले, लॉक फाइलबद्दल बरं वाटलं म्हणाला, आणि त्या लुकअपच्या ओळीवर एकच कमेंट: इथं रिकामं कधीच येणार नाही याची खात्री आहे का? मी लिहिलं, हो, मॅपमध्ये सगळी अक्षरं आहेत. मॅप मी उघडून पाहिला नव्हता. फक्त इम्पोर्टमधलं नाव बदललं होतं.

गुरुवारी, ८ तारखेला, दुपारी काकांचा फोन. मी मीटिंगमध्ये, दोनदा कट केला, तिसऱ्यांदा घेतला.

"हा अनडिफाइन्ड कोण आहे बे?"

"काय?"

"पत्रिकेत. नवरीकडचा आहे का नवऱ्याकडचा? एका ओळीत सहा वेळा आला."

मी त्यांना फोटो पाठवायला सांगितला. वर नमो बुद्धाय, मंगल परिणय, दोघांची नावं, आईवडिलांची नावं, सगळं चोख. आणि खाली रविवार दि., मग इंग्रजीत अनडिफाइन्ड अनडिफाइन्ड, मग मे, मग चार वेळा अनडिफाइन्ड, मध्ये स्पेस पण नाही, ओळ पानाच्या बाहेर. १४ मे २०००. सहा आकडे, सहा अनडिफाइन्ड. आणि हे एकाच फाइलीत नव्हतं, काकांनी दोन दिवसांत सगळं फोल्डर करून ठेवलं होतं. कोर्टाच्या अर्जात सर्व्हे नंबर अनडिफाइन्ड. मंडळाच्या पावतीवर वर्गणी रुपये अनडिफाइन्ड. माझ्या टेस्टच्या बिलबुकात आकड्यांच्या जागा रिकाम्या होत्या, हातानं भरायच्या, म्हणून मला दिसलं नाही.

संध्याकाळी दुकानात गेलो. मॅपची फाइल पहिल्यांदा नीट वाचली. देवनागरी आकड्यांच्या ओळीच नव्हत्या. लेखकानं ते हिंदीसाठी बनवलेलं, त्याच्याकडच्या मजकुरात आकडे इंग्रजी असावेत, त्याला कधी लागलेच नाहीत. कंपायलर मला हेच सांगत होता की मॅपमध्ये नसलं तर काय करू ते सांग, आणि मी त्याला गप केलं होतं. उद्गारचिन्हानं फक्त कंपायलर गप होतो, अनडिफाइन्ड तर यायचा तो येतोच, आणि स्ट्रिंगला जोडला की तो बिनबोभाट अक्षरं होऊन बसतो.

आधी उद्गारचिन्हं काढली, सगळी, आठ निघाली. लुकअपमध्ये असं केलं की सापडलं नाही तर मूळ अक्षर तसंच ठेव, आणि आउटपुटच्या चॅनेलमध्ये लिहून ठेव की कोणतं अक्षर किती वेळा सापडलं नाही. मग काकांना विचारलं, आकडे कसे टाइप करता?

"ऑल्टनी. ऑल्ट दाबायचा, शून्य एकशे एकतीस, झाला एक. बत्तीस म्हणजे दोन. एकोणचाळीसपर्यंत."

एकशे एकतीस ते एकशे एकोणचाळीस, ओळीनं एक ते नऊ. इंजिनिअरला अजून काय पाहिजे. नऊ ओळी हातानं कोण लिहील, मी एक लूप टाकला, १३० अधिक आकडा, शून्यापासून नऊपर्यंत. विंडोज १२५२ मधलं अक्षर काढून मॅपमध्ये घाल. कंपाइल, शून्य एरर. काकांसमोर इंदोऱ्याची पत्रिका पुन्हा चालवली.

रविवार दि. १४ मे २, आणि त्याच्यापुढं तीन वेळा एक परदेशी ए, डोक्यावर गोल टोपी घातलेला.

खाली आउटपुटमध्ये एकच ओळ होती, तो टोपीवाला ए, तीन वेळा सापडला नाही.

काका हसायला लागले. "शून्य तिथं कुठं शोधून राहिला? शून्य दोनशे एकोणतीसवर असतो." आणि माझ्याकडे बघतच, कीबोर्डकडे न पाहता, त्यांनी डाव्या हातानं ऑल्ट दाबून ठेवला, उजव्या हातानं नंबरपॅडवर शून्य दोन दोन नऊ, आणि पेजमेकरमध्ये एक गोल गरगरीत शून्य उमटलं. एकशे तीसवर दुसरंच काहीतरी असतं म्हणाले.

लूप काढला. दहा ओळी हातानं लिहिल्या, काका सांगत होते, मी टाइप करत होतो. मग पूर्ण फोल्डर पुन्हा चालवलं, साडेसहाशे फाइली, आउटपुटमध्ये अजून चार अक्षरं निघाली, ती पण काकांनी स्क्रीनवर नुसतं बघून ओळखली, दोन जोडाक्षरं, एक अवतरण, एक छापखान्याची नक्षी. नक्षीचं युनिकोडमध्ये काय करायचं ते कळलं नाही, ती सोडून दिली.

रात्री घरी येऊन पुल रिक्वेस्टवर लिहिलं की तुमच्या त्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं, आकडे नव्हते, आता टाकलेत, उद्गारचिन्हं काढलीत. लेखकानं सकाळी मर्ज केलं आणि विचारलं की शून्य २२९ वर आहे हे तुम्हाला कुठं सापडलं, त्याला कुठल्याच तक्त्यात मिळालं नव्हतं. मी लिहिलं, महालात.